पोक्त विद्यार्थ्याचा उमेदवारी अर्ज



या आठवड्यात कपाशीतल्या कामगंध सापळ्यांवर लिहायचे ठरवले होते. कागद पुढे ओढला आणि टपालात एका ताईंचे पत्र निघाले, तेव्हा सापळे पुढच्या खेपेला. ज्यांनी अजून लावले नसतील त्यांनी माझ्या लेखाची वाट पाहू नये. गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवायला एकरी दोन पुरतात, ते लावून टाकावेत.

आता पत्राचे सांगतो. ताईंचे वय ३४. घरी चार एकर, सोयाबीन आणि तूर. थोरला मुलगा सातवीला, धाकटी चौथीला. बारावी झाली आणि लग्न झाले, शिक्षण तिथेच थांबले. सोळा वर्षांनी त्यांनी तालुक्याच्या कॉलेजात बी. ए. ला नाव घातले. पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पास झाल्या. यंदा दुसरे वर्ष. कॉलेजात विद्यार्थी परिषदेची निवडणूक होणार अशी चर्चा उठली आहे, आणि वर्गातल्या मुली मागे लागल्या आहेत की काकू, तुम्हीच उभ्या राहा. मुलींचे दुखणे खरे आहे. शेवटचा तास संपतो पाच दहाला, आणि त्यांच्या गावाकडे जाणारी एस. टी. सुटते पावणेपाचला. एक तर तास बुडवा, नाही तर वडापला लोंबकळत घरी जा. शिवाय मुलींच्या मुतारीत पाणी नाही. दोन वेळा सांगून झाले, कुणी दाद घेत नाही.

घरची बाजू अशी. सासूबाई म्हणतात, "राहा की उभी. पोरं मी बघते." मालक म्हणतात, "शिकायला पाठवलं ते ठीक. या वयात कॉलेजात मतं मागत फिरलीस तर गाव हसेल."

ताईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. हे शोभेल का? आणि मला उभे राहता येईल का?

शोभेल का, हे विचारायला त्यांनी बरोबर माणूस गाठला आहे. मी स्वतः हे करून बसलो आहे, आणि पडलोही आहे. ही गोष्ट मी या पानावर आजवर सांगितली नव्हती.

कृषी पदविका करून मी नोकरीला लागलो. काही वर्षांनी खात्याने बी. एस्सी. ॲग्रीसाठी कॉलेजात पाठवले. पगार चालू, शिक्षण चालू, मात्र एक अट की नापास झालात तर परत या. कॉलेजात गेलो तेव्हा लग्न झालेले, मुलगी पाळण्यात. वर्गातली पोरे अठरा-एकोणीसची. पहिल्याच दिवशी एकाने मला सर समजून उठून नमस्कार केला आणि मागच्या बाकावर हशा पिकला. त्या दिवसापासून मी सगळ्या हॉस्टेलचा काका झालो. वय पुरते पंचवीससुद्धा नव्हते, पण काका!

निवडणुकीत पडायचे कारण म्हणजे मेसचे बिल. मेस पोरेच चालवीत. महिनाअखेरीला एकूण खर्च भागिले ताटे असा हिशेब होई. बापाच्या पैशावर जेवणाऱ्याला बिल डोळ्यात भरत नाही. मला भरे, कारण माझ्या पगारातून घरी मनिऑर्डर जायची आणि उरलेल्यात मेस भागवायची. एक दिवस मी सहज पाटीवरचे पिठाचे आकडे पाहिले. मेसला जेवणारे ११०. मी चार दिवस कणीक मळताना तोलून पाहिली, दोन्ही वेळचे मिळून माणशी चारशे ग्रॅम पीठ लागत होते. म्हणजे दिवसाला ४४ किलो, महिन्याला १३ क्विंटल २० किलो. बिलात मात्र पीठ होते १७ क्विंटल. पावणेचार क्विंटल पीठ महिन्याला कुठे जाते, एवढाच माझा प्रश्न होता. तो मी विचारला, आणि पोरांनी मला जी. एस. च्या जागेला उभे केले.

उभा राहिलो खरा, पण मनात धाकधूक होती. सरकारी नोकराला राजकारणात आणि विधानसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या निवडणुकांत भाग घेता येत नाही, तसे १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत. कॉलेजची निवडणूक त्यात बसत नाही असे माझे मत होते, पण आपल्या मतावर कुणाचा पगार निघत नाही. साहेबांना जाऊन विचारले. ते म्हणाले, "नियमाचं राहू द्या. एक विषय राहिला तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे ना?" घरी सांगितले तर आमच्या मंडळींनी पाळण्याची दोरी ओढता ओढता विचारले, "तुम्ही शिकायला गेलात का पुढारपण करायला?" दोघांनाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

मंडळी, माझ्यासमोर उभा होता तो वीस वर्षांचा पोरगा. कबड्डीत चढाईला गेला की दोन गडी मारून यायचा. आवाज खणखणीत, सगळ्यांना नावाने हाक मारायचा. मी काय केले? शेवटच्या सभेत उभा राहिलो आणि खरीप पूर्वतयारीच्या बैठकीत बोलतो तसा पंचवीस मिनिटे बोललो. पिठाचा हिशेब मांडला, डाळीचा मांडला, जळणाचाही मांडला. पोरे जांभया देऊ लागली. तो पोरगा तीन मिनिटे बोलला आणि टाळ्या घेऊन गेला. १९ मतांनी मी पडलो.

पडल्याचे वाईट वाटले, हे लपवत नाही. दोन दिवस मेसला उशिरा जेवायला गेलो. पण खरे कारण मला पहिल्या वर्षाच्या एका पोराने सांगितले, आणि ते भाषणापेक्षा वेगळे होते. तो म्हणाला, "काका, मत तुम्हालाच दिलं. पण तुम्ही शनिवारी घरी जाता. आमच्या भानगडी शनिवारी रात्रीच होतात." पोक्त विद्यार्थ्याची खरी अडचण इथे आहे. अक्कल, हिशेब, साहेबांसमोर न घाबरता बोलणे, हे त्याच्याकडे तरण्या पोरांपेक्षा जास्त असते. नसतो तो वेळ. त्याचा निम्मा जीव घरी टांगलेला असतो.

पुढे निवडून आलेला पोरगा स्वतः बिलबुके घेऊन माझ्या खोलीवर आला. दोघांनी रात्री बसून हिशेब लावला. दोन महिने पीठ चौदा क्विंटलच्या आत राहिले. परीक्षा जवळ आल्या, कुणी लक्ष देईना, आणि आकडा परत चढला. असो.

तेव्हा ताई, शोभेल का याचे माझे उत्तर असे की शोभते. हसणारे हसतात, पण आठवडाभर. मालकांनाही हे वाचून दाखवा. मात्र उभे राहण्याआधी आपले तास मोजा. घरी परतायची गाडी किती वाजता, धारा कोण काढणार, सोयाबीन काढणीला आल्यावर कॉलेजात हजेरी किती लागणार, हे सासूबाईंशी बसून ठरवावे लागेल. मी ते ठरवले नव्हते.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे मला वाईट बातमी द्यावी लागते.

देशभरच्या कॉलेज निवडणुकांसाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या शिफारशी लागू करायचा आदेश दिला. त्यात उमेदवाराचे वय बांधले आहे. पदवीचा विद्यार्थी १७ ते २२ वर्षांचा, पदव्युत्तरला वरची मर्यादा २४-२५ वर्षे, संशोधन करणाऱ्याला २८. लांब मुदतीच्या व्यावसायिक शिक्षणक्रमांना थोडी सवलत आहे. ती धरूनही पंचविशीला टेकलेला मी काठावरच राहिलो असतो. ३४ वर्षांच्या ताईंचा अर्ज तर छाननीच्या टेबलावरच बाद होणार. आणि मुक्त विद्यापीठातून किंवा टपालाने शिकणाऱ्यांना वय कमी असले तरी उभे राहता येत नाही. पूर्ण वेळ, नियमित विद्यार्थीच हवा.

ही गंमत पाहा. याच ताई उद्या गावात सरपंचपदाला उभ्या राहू शकतात. ग्रामपंचायतीला वय २१ पूर्ण लागते, वरची मर्यादा नाही. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. म्हणजे गावची नळयोजना, दिवाबत्ती, वित्त आयोगाचा निधी यांचा कारभार या बाईला सोपवता येतो, आणि कॉलेजच्या मुतारीत पाणी आणायचे पद मात्र तिला मिळत नाही.

नियम करणारे वेडे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कॉलेज निवडणुकांत काय काय होत असे ते जुन्या लोकांना आठवत असेल. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. नंतर १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट मतदान गेले आणि गुण पाहून प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. देशात इतर ठिकाणीही तीच तऱ्हा होती. दहा-दहा वर्षे कॉलेजात ठाण मांडून बसलेले, एका विषयाला मुद्दाम नापास होणारे, बाहेरच्या पुढाऱ्याच्या जीपमधून फिरणारे दादा लोक. वयाची मर्यादा आली ती यांना उपटण्यासाठी.

पण आपल्या भाषेत सांगायचे तर हे टू-फोर-डीसारखे झाले. ज्वारीतले रुंद पानांचे तण मारायला औषध चांगले. वारा सुटलेला असताना फवारले आणि ते शेजारच्या कपाशीवर गेले, की कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी होऊन बसतात. तणाचा दोष होता, भोगते कपाशी. कॉलेजात मुरलेल्या दादासाठी केलेला नियम सोळा वर्षांनी मोठ्या कष्टाने परत शिकायला आलेल्या बाईच्या अंगावर गेला.

आणि मुख्य म्हणजे या फवारणीची गरजच नव्हती, असे माझे मत आहे. कारण त्याच शिफारशींत आणखी चाळण्या आहेत. उमेदवाराची हजेरी निदान ७५ टक्के पाहिजे. निवडणुकीच्या वर्षी एकही विषय मागे राहिलेला नको. फौजदारी खटला किंवा शिक्षा झालेली नको. पदाधिकारी म्हणून आयुष्यात एकदाच उभे राहता येते, आणि कार्यकारिणी सदस्य म्हणून दोनदा. खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा घातली होती, छापील भित्तिपत्रकांना मनाई केली होती, जे लावायचे ते हाताने लिहिलेले. मला सांगा, एकदाच उभे राहायचे आहे, विषय राहिलेला चालत नाही आणि वर्गात बसावे लागते, तर तो दहा वर्षांचा दादा यातून गळून पडत नाही काय? पडतो. पाचवी चाळणी वयाची लावली की गळते ती फक्त उशिरा आलेली माणसे. यात ताईंसारख्या सुना आहेत, सैन्यातून परत आलेले जवान आहेत, घरच्या अडचणीने दहा वर्षे शेतात राबून पुन्हा पुस्तक हाती घेतलेले शेतकरी आहेत.

माझी एक भाची विलायतेत शिकायला आहे. तिला फोनवर विचारले की तिकडे काय करतात. तिने सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. तिकडे पदवीला नाव घालताना २१ वर्षे पूर्ण असली की त्याला पोक्त विद्यार्थी धरतात. कित्येक विद्यापीठांच्या विद्यार्थी संघात अशा पोक्त विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून वेगळे पदच असते. संघाची मोठी पदे वर्षभर पूर्ण वेळ काम करायची, आणि त्याला पगार! अभ्यास वर्षभर बाजूला ठेवून किंवा तो संपवून ते काम करायचे. मग तिथे कुणी मुरत नाही का? त्याला तिकडच्या १९९४ च्या शिक्षण कायद्यात उपाय केला आहे. अशा पगारी पदावर एका विद्यापीठात सगळे मिळून दोन वर्षांहून जास्त राहता येत नाही. वय कितीही असो, वर्षे दोन. मतदान गुप्त. मतपत्रिकेवर बहुतेक ठिकाणी आणखी एक ओळ असते की यातले कुणी नको, अर्ज पुन्हा मागवा. त्या ओळीला मते जास्त पडली तर निवडणूक परत होते. आपल्याकडेही २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांतल्या नोटाला तसा अर्थ दिला होता, तेव्हा ही गोष्ट आपल्या डोक्याबाहेरची नाही.

विलायतेचे सगळे चांगले असे मी म्हणत नाही, तिकडची फी ऐकून घाम फुटतो. पण वय न बांधता मुदत बांधायची, एवढे त्यांच्याकडून घेता येईल. आणि आपल्याकडचा नियमही दगडावरची रेघ नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली निवडणूक या शिफारशींवरून २००८ मध्ये थांबली होती. विद्यार्थ्यांनी न्यायालयात बाजू मांडली, २०११ मध्ये तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांची मर्यादा २८ वरून ३० करून मिळाली आणि २०१२ च्या मार्चमध्ये मतदान झाले. दोन वर्षेच वाढली, पण वाढली.

आपल्या राज्यापुरते सांगायचे तर २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेला पुन्हा मतदान आणले, आणि २०१९ मध्ये ठरलेली निवडणूक पुढे ढकलली गेली. म्हणून ताई, चर्चेवर जाऊ नका. प्राचार्यांच्या कार्यालयात जाऊन विद्यापीठाचे परिपत्रक आले आहे का, तेवढे विचारा आणि त्यातली वयाची ओळ स्वतः वाचा.

मग उरले काय? उमेदवारी नसली तरी मत आहे. मतदाराला वयाची अट नाही, नियमित विद्यार्थी असले की झाले. ज्या मुली तुमच्या मागे लागल्या आहेत त्यांच्यातलीच एक धीट पोरगी उभी करा आणि तिचे कागद तुम्ही सांभाळा. हे दुय्यम काम आहे हे मला कळते. मी बिलबुके घेऊन त्या पोराच्या मागे बसलो होतो, तेव्हा दुय्यमपणा मलाही बोचला होता. पद नसलेल्या माणसाच्या अर्जाला वजन कमी पडते, हे खोटे सांगण्यात अर्थ नाही.

पण एक जागा अशी आहे जिथे मला वयाची अट दिसलेली नाही. मुलींच्या छळाच्या तक्रारी पाहायला प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे, प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर त्या समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या पातळ्यांवरचे तीन विद्यार्थी घ्यायचे, आणि तेही रीतसर निवडून. पुष्कळ कॉलेजांत ही नावे कार्यालयातच लिहून टाकतात. तुमच्या कॉलेजात पदवीचा प्रतिनिधी कोण आहे आणि त्याची निवड केव्हा झाली, हे विचारा. अठरा वर्षांच्या पोरीला जे आईलाही सांगवत नाही, ते ती वर्गातल्या काकूला सांगेल. या जागेसाठी ३४ वर्षे हे वय मला तरी अगदी नेमके वाटते.

एस. टी. चे काम तर कुठल्याच पदाविना होण्यासारखे आहे. पावणेपाचची गाडी साडेपाचला करा, असा अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे लिहा. कोणत्या गावच्या किती मुली, कुणाचा पास कोणत्या थांब्यापासूनचा, हे तक्त्यात मांडा. कॉलेजचे वेळापत्रक जोडा, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का घ्या. वाटेवरच्या ग्रामपंचायतींचे ठराव मिळाले तर फारच उत्तम, गावचे सरपंच शब्द टाकतील. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज दिलाच नाही असे समजायचे, हे मी तीस वर्षे सरकारी टेबलापलीकडे बसून सांगतो आहे. आणि गाडी उशिरा केल्याने दुसऱ्या कुणा गावाची गैरसोय होते का तेही आधी पाहा, नाही तर त्यांचा उलटा अर्ज येईल.

पाण्याचे मात्र मला कळले नाही. टाकी नाही, की टाकी आहे आणि मोटार बिघडली आहे, की नळच काढून नेले आहेत? पुढच्या पत्रात तेवढे लिहा, म्हणजे अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते सांगता येईल. आणि पिठाच्या हिशेबासारखे तीन-चार दिवसांचे टिपण ठेवा, कोणत्या दिवशी किती वाजता पाणी होते आणि नव्हते.